विश्लेषण : खोलीचं दार उघडं राहिलं आणि पुण्यात वाद पेटला... धर्मावर मोकळेपणाने बोलणं पंडिता रमाबाईंना किती महागात पडलं?

शिरूर तालुक्यातल्या वडगाव रासाईसारख्या गावात पारावर बसलं की उसाच्या दरापासून भीमेच्या पाण्यापर्यंत सगळ्यावर बोलणं होतं. राजकारणावर तर होतंच होतं. पण कोणी दुसऱ्याला सरळ विचारलं, की तू देव मानतोस का आणि का मानतोस, तर गप्पा थांबतात. कोणी तंबाखू मळायला लागतो, कोणाला अचानक मोटर बंद करायची आठवते. सोसायट्यांच्या आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर हा लेखी नियमच असतो : धर्मावर चर्चा नको.

याच वडगाव रासाईहून भीमा ओलांडून दक्षिणेला गेलं, की थोड्याच अंतरावर दौंड तालुक्यातलं केडगाव लागतं. पुणे-दौंड लोहमार्गावरचं स्टेशन. तिथल्या मुक्ती मिशनची जागा पंचक्रोशीत सगळ्यांना माहीत आहे. ती संस्था उभी करणाऱ्या पंडिता रमाबाई मात्र बहुतेकांना शाळेच्या पुस्तकातल्या चार ओळींपुरत्याच माहीत असतात : संस्कृत पंडिता, विधवांसाठी शारदा सदन, ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्या चार ओळींच्या मागे एक वेगळीच गोष्ट आहे. ज्या विषयावर लोक गप्प बसतात, त्यावर ही बाई आयुष्यभर बोलत राहिली. त्यामुळे त्यांचा नवरा चिडला, इंग्लंडमधल्या सिस्टर चिडल्या आणि पुणं तर चिडलंच.

धर्म ज्यांच्या घरातच पोटापाण्याचा धंदा होता

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतल्या गंगामूळच्या जंगलात, आजच्या कर्नाटकात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे विद्वान होते आणि हट्टीही. त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवलं. बायकांना संस्कृत शिकवणं शास्त्राला धरून आहे का, याचा जाब त्यांना उडुपीत पंडितांसमोर द्यावा लागला आणि त्यांनी तो ग्रंथांचे आधार काढून दिला. म्हणजे धर्माच्या प्रश्नावर चारचौघांत उभं राहून बोलणं हे रमाबाईंना घरातूनच मिळालं होतं.

पुढे या कुटुंबाने घर सोडलं. तीर्थक्षेत्रं फिरायची, देवळात किंवा घाटावर बसून पुराण वाचायचं आणि लोक देतील त्यावर राहायचं, असं वर्षानुवर्षं चाललं. इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. पुराणिकाच्या आयुष्यात धर्म सकाळपासून रात्रीपर्यंत जाहीरपणे बोलला जातो, पण एकाच दिशेने. वाचणारा संस्कृतात वाचतो, ऐकणारा हात जोडतो, समोर पैसे, तांदूळ, फुलं ठेवतो. तिथे प्रश्न विचारायचा नसतो आणि विचारलाच तर तो शंका म्हणून नव्हे, श्रद्धाळूपणे विचारायचा असतो. आजही आपल्याकडे धर्मावर बोलणं कमी नाही. कीर्तनं, प्रवचनं, सप्ताह, लाऊडस्पीकर सगळं आहे. दुर्मीळ आहे ती धर्मावरची दुतर्फा चर्चा.

दुष्काळात हे कुटुंब अक्षरशः उपाशी राहिलं. रमाबाई सोळा वर्षांच्या असताना आई-वडील गेले, मोठी बहीणही गेली. उरले त्या आणि भाऊ श्रीनिवास. दोघं पायी भारतभर फिरत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली आणि पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या.

कलकत्त्यातच दोघांना ख्रिस्ती लोकांच्या एका सभेचं बोलावणं आलं. ब्राह्मण जन्माचे लोक तिथे साहेबांसोबत चहा-बिस्किटं खात होते. ते पाहून कलियुग आलं याची भावंडांना खात्रीच पटली. मग मंडळी खुर्च्यांपुढे गुडघे टेकून डोळे मिटून बसली, तेव्हा हे लोक खुर्च्यांची पूजा करतात असा त्यांचा समज झाला. पुढे स्वतः ख्रिस्ती झाल्यावर रमाबाईंनीच हा किस्सा लिहून ठेवला. दुसऱ्याचा धर्म लांबून कसा दिसतो, हे सांगायला याहून चांगलं उदाहरण सापडणं अवघड आहे.

पहिला खटका घरातच उडाला

कलकत्त्यात स्त्रियांना धर्मशास्त्र सांगायचं म्हणून रमाबाई ते ग्रंथ नीट वाचू लागल्या आणि अडखळल्या. बहुतेक बाबतींत ग्रंथांची तोंडं वेगवेगळ्या दिशांना, पण स्त्रिया आणि शूद्र यांना खालचं मानण्यात सगळ्यांचं एकमत, असं त्यांना दिसलं. ब्राह्मो समाजाचे केशवचंद्र सेन यांनी त्यांच्या हाती वेद दिले, तेही त्यांनी वाचले. जुनी श्रद्धा गेली होती, नवी अजून आली नव्हती.

१८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केलं. जात वेगळी, प्रांत वेगळा, लग्न नोंदणी पद्धतीचं. तेव्हाच्या १८७२ च्या कायद्याप्रमाणे असं लग्न करायचं तर आपण हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती वगैरे कुठलाच धर्म पाळत नाही असं जाहीर करावं लागे. दोघांचीही त्याला हरकत नव्हती.

सिलचरच्या त्यांच्या घरात रमाबाईंना लूकच्या शुभवर्तमानाची एक बंगाली प्रत सापडली. घरी येणाऱ्या एका मिशनऱ्याकडून त्या बायबल समजून घेऊ लागल्या. बिपिनबाबू मिशनच्या शाळेत शिकलेले आणि सुधारक विचारांचे होते. पुस्तक वाचायला त्यांची हरकत नव्हती. पण आपल्याला ख्रिस्ती व्हावंसं वाटतं, असं पत्नीने बोलून दाखवताच ते संतापले आणि त्या मिशनऱ्याचं घरी येणं बंद करायचं म्हणाले. जातीबाहेर लग्न करण्याइतकं धाडस ज्याच्यात होतं, त्या माणसाची सहनशक्ती नेमकी इथे संपली. घरात धर्मावर बोलणं अवघड होतं ते यामुळेच. बाहेरच्याशी मतभेद झाला तर तो मतभेदच राहतो. घरच्या माणसाने श्रद्धा बदलली, तर जेवण, सण, मुलांची नावं, म्हातारपणी कोणाच्या पद्धतीने क्रियाकर्म, सगळंच प्रश्नात येतं.

तो वाद पुढे जायला वेळच मिळाला नाही. १८८१ मध्ये मुलगी मनोरमा झाली आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये बिपिनबाबू पटकीने गेले. तेवीस वर्षांच्या विधवा रमाबाई तान्ह्या मुलीला घेऊन पुण्यात आल्या. तिथे त्यांनी आर्य महिला समाज सुरू केला, हंटर आयोगापुढे साक्ष दिली, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिलं. पुण्याच्या सुधारकांनी त्यांना डोक्यावर घेतलं.

बाप्तिस्म्यानंतरही प्रश्न का थांबले नाहीत?

वैद्यक शिकण्यासाठी १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. ऐकू कमी येत असल्याने डॉक्टर होणं जमलं नाही. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज इथल्या अँग्लिकन मठात त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रात संतापाची लाट उठली. अपवाद होता जोतीराव फुल्यांचा. त्यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’मध्ये रमाबाईंची बाजू घेतली.

साधारणपणे गोष्ट इथे संपवली जाते : रमाबाईंनी धर्म बदलला. पण वाँटेजमधल्या लोकांची खरी डोकेदुखी इथूनच सुरू झाली. त्यांना वाटलं होतं, आता ही विदुषी चर्च सांगेल ते मानेल. रमाबाईंनी मात्र त्रैक्याचा सिद्धान्त मुळात बायबलमध्ये कुठे आहे, इथपासून विचारायला सुरुवात केली. सिस्टर जेराल्डिन यांना त्या पत्रांमागून पत्रं लिहीत. क्रुसावर लॅटिनमधलीच अक्षरं का, संस्कृतात का नकोत, असं त्यांनी विचारलं. मांसाहार त्यांनी केला नाही. सिस्टरना त्यात जातीचा जुना गर्व दिसे, रमाबाईंच्या लेखी तो स्वतःच्या ताटाचा प्रश्न होता. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं का, यावर भारतातल्या बिशपांनी नकार कळवला, तेव्हा तो निर्णय आपल्या वतीने बिशप कसे घेतात, असा त्यांचा सवाल होता.

मनोरमाला कोणती धर्मतत्त्वं शिकवायची यावरूनही खटके उडाले. आपल्याला पटत नाहीत ती मुलीला शिकवू नयेत, असा रमाबाईंचा आग्रह होता. (बाप्तिस्म्याच्या वेळी अडीच वर्षांच्या मनोरमाला कोणी काही विचारलं नव्हतं, हेही खरं. मुलांच्या बाबतीत बहुतेक आई-बाप असेच असतात.)

सिस्टर जेराल्डिन यांचं प्रेम खोटं नव्हतं. पण आपण ज्यावर आयुष्य उभं केलं, त्यावर कोणी शांतपणे प्रश्न विचारतंय, हे त्यांना उद्धटपणासारखं वाटे. पुण्यातल्या शास्त्रीबुवांची आणि वाँटेजच्या सिस्टरची तक्रार शेवटी सारखीच होती : या बाईला ऐकून घेता येत नाही.

शारदा सदनात नेमकं काय झालं?

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, त्या समारंभासाठी रमाबाई अमेरिकेत गेल्या आणि तिथेच राहिल्या. ‘द हाय कास्ट हिंदू वुमन’ हे पुस्तक लिहिलं, गावोगाव भाषणं दिली. डिसेंबर १८८७ मध्ये बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. उच्चवर्णीय विधवांच्या शाळेला दहा वर्षं पैसा पुरवायचा आणि शाळा कुठल्याही धर्माचा प्रचार न करता चालवायची, असं ठरलं. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन उघडलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्यात आलं. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसं सल्लागार होती.

मुलींनी आपापले सोवळ्याचे, जेवणाचे, पूजेचे नियम पाळावेत अशी सोय होती. वाचनालयात हिंदू ग्रंथ होते, बायबलही होतं. रमाबाई रोज स्वतःच्या खोलीत मनोरमाला घेऊन प्रार्थना करत. त्या वेळी खोलीचं दार बंद नसे. काही मुली दाराशी येऊ लागल्या, मग आत येऊन बसू लागल्या.

सगळा वाद या दारापाशी आहे. सल्लागारांचं म्हणणं असं, की दार लावून घ्या, मुलींना येऊ देऊ नका. रमाबाईंचं म्हणणं असं, की मी कोणाला बोलावत नाही. पण तुळशीला पाणी घालणाऱ्या मुलीला मी अडवत नाही, तशी इथे बसणारीलाही अडवणार नाही आणि माझी श्रद्धा लपवणारही नाही.

दोन्ही बाजू तटस्थता हाच शब्द वापरत होत्या. एखाद्या प्रोजेक्टच्या कागदावर दोन टीमनी सह्या कराव्यात आणि डिलिव्हरीच्या दिवशी कळावं की एकाच ओळीचे दोघांनी वेगळे अर्थ घेतले होते, तसा हा प्रकार होता. रमाबाईंच्या लेखी तटस्थता म्हणजे कोणावर सक्ती नाही आणि कोणाला बंदीही नाही. पुण्याच्या लेखी तटस्थता म्हणजे संचालिकेचा धर्म दिसताच कामा नये. आज शाळा-कॉलेजात किंवा ऑफिसात धर्मावरून वाद झाला, की बहुधा हेच दोन अर्थ एकमेकांवर आदळतात.

केसरीने रमाबाईंवर टीकेची झोड उठवली. ऑगस्ट १८९३ मध्ये रानडे, भांडारकर आणि इतर सल्लागारांनी संबंध तोडले आणि ते जाहीर केलं. पालकांनी पंचवीसच्या आसपास मुली काढून नेल्या. बॉस्टनच्या मंडळाने मात्र रमाबाईंची साथ सोडली नाही. काढून नेलेल्यांपैकी कित्येक विधवा मुली पुन्हा त्याच माजघराच्या अंधारात गेल्या. या वादाची खरी किंमत त्यांनी मोजली आणि त्यांचं मत कोणीच विचारलं नाही.

पुणेकरांची भीती खोटी होती का?

नाही. हे मान्य केल्याशिवाय गोष्ट पूर्ण होत नाही. पुढच्या काही वर्षांत सदनातल्या काही मुलींनी खरोखरच बाप्तिस्मा घेतला.

शिवाय तेव्हा धर्मांतर ही खासगी बाब नव्हतीच. १८५० च्या कायद्याने धर्म बदलला तरी वारसाहक्क जात नाही असं ठरवलं होतं, पण ते कागदावर. प्रत्यक्षात त्या माणसाशी रोटी तुटे, बेटी तुटे, आईला मुलगा मेल्यासारखा होई. धाकट्या बहिणींची लग्नं अडत. जिथे एका संभाषणाचा शेवट असा होऊ शकतो, तिथे लोक संभाषणच टाळणार.

अशी भीती असली, की सुधारक काय करतात? चोरून बोलतात. मुंबईत १८४९ मध्ये दादोबा पांडुरंग आणि त्यांच्या मित्रांनी परमहंस सभा काढली. जातिभेद मानायचा नाही, हे त्यांचं तत्त्व. पण सगळं गुप्त. बैठका दार लावून व्हायच्या. १८६० मध्ये सभासदांची यादी बाहेर फुटली आणि सभा कोसळली. आपण काय मानतो हे शेजाऱ्याला कळणं, एवढ्यानेच ती संपली.

खुद्द रानडेही यातून गेले होते. १८९० मध्ये पुण्यातल्या पंचहौद मिशनमध्ये जमलेल्या प्रतिष्ठितांपुढे चहा-बिस्किटं आली. आनंदीबाईंचे पती गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावं छापून आणली. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. रानडे आणि लोकमान्य टिळक, दोघांचीही नावं त्यात होती आणि दोघांनाही प्रायश्चित्ताचा मार्ग घ्यावा लागला. एका कपासाठी एवढं सोसलेल्या रानड्यांना ते उघडं दार झेपलं नाही, यात नवल नाही. त्यांना दोष देणं सोपं आहे, पण स्त्रीशिक्षणाची सगळी चळवळच धर्मांतराच्या संशयाखाली जाईल, ही त्यांची काळजी खरी होती.

याच गोंधळात, ११ मार्च १८९३ रोजी, सदनाची विद्यार्थिनी गोदूबाई हिने धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला. कर्व्यांनी १८९६ मध्ये हिंदू विधवांसाठी वेगळी संस्था काढली, तीच पुढे हिंगण्याला गेली. धर्माचा प्रश्न बाजूला ठेवून काम करायचं, हा कर्व्यांचा रस्ता. रमाबाईंना तो कधी जमला नाही.

केडगाव : इथे दार उघडंच होतं, पण...

बॉस्टनची दहा वर्षं संपल्यावर पैसा कुठून येणार, या विचाराने रमाबाईंनी केडगावला सुमारे शंभर एकर जमीन घेतली होती. विहिरी खोदल्या, फळझाडं लावली. १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा त्या मध्य प्रांतात गेल्या. लहानपणी स्वतः भोगलेली उपासमार त्यांच्यासमोर पुन्हा उभी होती. तिथून त्यांनी सुमारे तीनशे मुली-बायका आणल्या. पुण्यात प्लेग होता, शहरात त्यांना ठेवणं शक्य नव्हतं. म्हणून सगळ्यांना केडगावच्या माळावर नेलं. मुक्ती सदन उभं राहिलं ते असं. (प्लेगच्या बंदोबस्तात बायकांची कशी आबाळ होते, हेही त्यांनी वर्तमानपत्रातून उघड लिहिलं आणि मुंबईच्या गव्हर्नरला खुलासा करावा लागला. गप्प बसणं हा स्वभावच नव्हता.)

गुजरातच्या दुष्काळानंतर, १९०० च्या सुमारास, केडगावात दोन हजारांच्या घरात माणसं होती. शेती, विणकाम, तेलघाणा, छापखाना, सगळं बायका चालवत.

मुक्ती ही आता उघडपणे ख्रिस्ती संस्था होती. १९०५ मध्ये तिथे मोठं धार्मिक पुनरुज्जीवन झालं, जगभरच्या ख्रिस्ती वर्तुळात केडगावचं नाव गेलं. इथे एक अवघड प्रश्न उरतो. शारदा सदनातल्या मुलींना परत नेणारं कोणीतरी होतं. दुष्काळातून आलेल्या पोरींना कोणीच नव्हतं. जो हात जेवू घालतो त्याच हातात धर्मग्रंथ असेल, तर नाही म्हणण्याची मोकळीक किती राहते? रमाबाईंवरची ही टीका त्यांच्या हयातीतही झाली, आजही होते, आणि ती उडवून लावण्यासारखी नाही. तसंच, त्या वर्षी त्या पोरींना उचलायला टीकाकारांपैकी फारसं कोणी गेलं नव्हतं, हेही विसरता येत नाही.

शेवटची सुमारे पंधरा-सोळा वर्षं रमाबाई एका कामात बुडाल्या. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी संपूर्ण बायबलचं मराठी भाषांतर केलं. पंडिता ही पदवी मिळवलेल्या बाईने त्यात जडजंबाळ संस्कृत शब्द मुद्दाम टाळले. अडाणी बाईलाही वाचून कळलं पाहिजे आणि पटलं नाही तर विचारता आलं पाहिजे, अशी भाषा त्यांना हवी होती. खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतचं काम केडगावच्या बायकांनी केलं.

२४ जुलै १९२१ रोजी मनोरमा गेली. आठ महिन्यांनी, ५ एप्रिल १९२२ रोजी, रमाबाई केडगावातच वारल्या. त्यांचं बायबल १९२४ मध्ये पूर्ण छापून निघालं.

सिस्टर जेराल्डिन यांनी ती सगळी भांडणाची पत्रं फेकून दिली नव्हती. रमाबाईंची आणि स्वतःचीही, तारीखवार लावून जपून ठेवली होती. १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने ती ग्रंथरूपात छापली. वाँटेजच्या बंद खोलीतला तो वाद तेव्हापासून कोणालाही वाचता येतो.